वाचकांचे प्रश्न : त्याला बोलू द्यावे

प्रश्न : आमचे नाट्यमंडळ वडशाचे असून दिवाळीनंतरच्या हंगामात आम्ही झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, चारही जिल्ह्यांत प्रयोग करतो. या वर्षी मी मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीवरून नाटक लिहायला घेतले आहे. पहिला खर्डा वाचून निर्मात्यांनी चार सूचना केल्या. राक्षसाने बोलू नये, नुसते गुरगुरावे, म्हणजे लोक घाबरतील. त्याला निर्माण करणारा माणूस शास्त्रज्ञ न ठेवता मांत्रिक करावा, म्हणजे तो गावकऱ्यांना लवकर कळेल. एक विनोदी नोकर आणि दोन लावण्या घालाव्यात. शेवटी गावाने राक्षसाला जाळून मारावे. मूळ पुस्तक दोनशे वर्षांपूर्वीचे आणि परदेशातले आहे. आमच्या प्रेक्षकांपैकी कोणी ते वाचलेले नाही आणि पुढेही वाचण्याचा संभव कमी. अशा स्थितीत लेखकाने मूळ कादंबरीशी प्रामाणिक राहण्याचे बंधन कितपत मानावे?
(एक नाट्यलेखक, देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : प्रेक्षकांनी कादंबरी वाचलेली नाही आणि ते ती वाचणारही नाहीत, हे कारण आपण बंधन सैल करण्यासाठी दिले आहे, मला मात्र त्याच कारणाने ते बंधन अधिक घट्ट झालेले दिसते. ज्या प्रेक्षकाच्या घरी पुस्तक आहे, तो नाटक पाहून आल्यावर पान उघडून ताडून पाहू शकतो. धानाची तणस अंथरून, घोंगडी पांघरून रात्रभर आपल्या कनातीत बसणाऱ्या माणसासाठी मात्र आपला प्रयोग हेच ते पुस्तक आहे. तो पहाटे जे घेऊन घरी जाईल, तेच ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून त्याच्याजवळ राहील आणि पुढे तो नातवंडांनाही तेच सांगेल.

प्रामाणिक राहायचे म्हणजे नेमके कशाशी, हे आधी पाहिले पाहिजे. मेरी शेली यांनी ही कादंबरी १८१६ साली जिनिव्हा सरोवराच्या काठी लिहायला घेतली, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या; १८१८ च्या जानेवारीत ती लंडनमध्ये लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. तिची रचना एकात एक ठेवलेल्या डब्यांसारखी आहे. सर्वांत बाहेर उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टन नावाच्या माणसाने आपल्या बहिणीला लिहिलेली पत्रे आहेत. त्या पत्रांत, बर्फात सापडलेल्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने सांगितलेली हकीकत आहे. आणि त्या हकीकतीच्या पोटात, अगदी मध्यभागी, व्हिक्टरने घडवून टाकून दिलेल्या त्या जीवाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आत्मवृत्त आहे. म्हणजे लेखिकेने कादंबरीचा गाभाच त्याच्या बोलण्याचा केला आहे. निर्मात्यांची पहिली सूचना मानली, तर आपण कादंबरी छोटी करत नाही. तिचा मधला डबा काढून फेकून देतो.

त्या आत्मवृत्तातला एकच प्रसंग जवळून पाहू. हा जीव जंगलातल्या एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून आतल्या कुटुंबाकडे पाहत राहतो: आंधळा म्हातारा, त्याचा मुलगा, मुलगी. सुरुवातीला तो त्यांचे अन्न चोरतो. पण ती माणसे स्वतःच अर्धपोटी राहतात हे लक्षात आल्यावर तो चोरी सोडतो आणि रात्री त्यांच्यासाठी सरपण तोडून दारात आणून ठेवतो. त्यांची भाषा तो फटीला कान लावून शिकतो. पुढे त्याला रानात पडलेली काही पुस्तके सापडतात, ती तो वाचतो. शेवटी एके दिवशी, तरुण मंडळी बाहेर गेलेली पाहून, तो म्हाताऱ्यासमोर जाऊन बसतो. म्हाताऱ्याला दिसत नसल्यामुळे तो त्याच्याशी माणसासारखा बोलतो, धीर देतो. एवढ्यात मुलगा परत येतो, आणि ते रूप पाहून काठी उगारतो. त्या मुलाचे हातपाय उपटून टाकण्याचे बळ अंगात असताना हा जीव मार खातो आणि निघून जातो. या प्रसंगाला ना महागडे पडदे लागतात, ना यंत्रे. एक खाट, एक काठी आणि बोलता येणारे दोन नट पुरतात.

राक्षस मुका करण्याची सूचना मुळीच नवी नाही, हेही आपल्या निर्मात्यांना सांगावे. या कादंबरीचे पहिले गाजलेले नाट्यरूप १८२३ साली लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये रंगभूमीवर आले. रिचर्ड ब्रिन्सली पीक यांनी ते लिहिले होते. त्यात तो जीव मुका होता आणि एक विनोदी नोकरही घातलेला होता. मुकेपणाला त्या काळी कारण होते. निव्वळ संवादांचे गंभीर नाटक करण्याचा परवाना लंडनमध्ये मोजक्याच नाट्यगृहांना होता. इतरांना संगीत, हावभाव आणि नेत्रदीपक दृश्ये यांच्या आधाराने खेळ करावे लागत, आणि मुक्या पात्राचा अभिनय हा त्या खेळांचा ठरलेला भाग असे. मेरी शेली यांनी तो प्रयोग स्वतः पाहिला. टी. पी. कुक या नटाचे काम त्यांना फार आवडले. जाहिरातीत त्या पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ ओढली होती, तीही त्यांना भावली. पण कथा नीट हाताळलेली नाही, असे त्यांनी पत्रात लिहून ठेवले आहे. झाडीपट्टीवर तसला कोणताही परवाना आड येत नाही. उलट लांबलचक संवाद ही आपल्या रंगभूमीची खरी ताकद आहे. माइकखाली उभा राहून नट पल्लेदार स्वगत म्हणू लागला, की शेवटच्या रांगेतल्या चहाच्या टपरीवरची गर्दी गप्प होते, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. जी रंगभूमी बोलण्यावर उभी आहे, तिने बोलण्यावर उभ्या असलेल्या कादंबरीतला बोलणाराच मुका का करावा?

काही वर्षांपूर्वी साकोली तालुक्यातल्या एका गावात मी असाच एक प्रयोग पाहिला होता. राक्षस झालेला नट अंगाने थोराड होता, रंगभूषा मेहनतीने केलेली होती, आणि पहिल्या डरकाळीला पुढची पोरे खरोखरच मागे सरकली. तिसऱ्या डरकाळीला ती हसू लागली. माझ्या शेजारच्या आजीबाईंच्या मांडीवर बसलेल्या एका मुलाने मात्र विचारले, “आजी, हा बोलत काऊन नाही?” आजीबाईंजवळ उत्तर नव्हते, आणि त्या नाटकाजवळही नव्हते.

मुके केल्यावर आणखी एक गोष्ट घडते. तो दुष्ट का झाला, हे त्याच्या तोंडून कळण्याचा मार्ग बंद झाल्यामुळे दुसरे काहीतरी कारण शोधावे लागते. १९३१ च्या प्रसिद्ध हॉलिवूडपटात ते कारण बरणीत सापडते: मदतनीसाच्या हातून चांगला मेंदू फुटतो, तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो आणि तोच बसवला जातो. कादंबरीत असा मेंदूच नाही. तिथे तो जीव स्वभावाने चांगला आहे. त्याने डोळे उघडल्या क्षणी व्हिक्टर त्याला टाकून पळतो, आणि भेटलेला प्रत्येक माणूस त्याला मारतो, म्हणून तो सूडाला प्रवृत्त होतो. दोन्हींत पाण्याकाठी एक लहान मुलगी आहे. कादंबरीत ती प्रवाहात पडते, तो उडी घालून तिला बाहेर काढतो, आणि तिच्यासोबतचा माणूस त्याच्यावर गोळी झाडतो. चित्रपटात तीच मुलगी त्याच्याबरोबर पाण्यात फुले सोडत खेळते, आणि फुले संपल्यावर तो तिलाच पाण्यात टाकतो, ती बुडते. बोरिस कारलॉफ यांनी त्या मुक्या भूमिकेत जे कारुण्य ओतले, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही वाचवणारा हात बुडवणारा झाला, आणि व्हिक्टरच्या माथ्यावरचा दोष एका फुटलेल्या बरणीवर गेला, हे विसरता येत नाही. दोष कोणाचा, हाच या कादंबरीतला भयाचा झरा आहे. तो आटला, तर उरते ते रंगवलेले तोंड.

मांत्रिकाच्या सूचनेला मी याहून स्पष्ट नकार देईन. व्हिक्टर लहानपणी जुन्या किमयागारांचे ग्रंथ वाचून भारावलेला असतो, हे खरे. पण इंगोलश्टाटच्या विद्यापीठात गेल्यावर प्राध्यापक त्याचे ते वेड खोडून काढतात आणि तो रसायनशास्त्राकडे वळतो. जादूटोणा सोडून विद्येकडे गेलेल्या माणसाने त्या विद्येची जबाबदारी टाळली, हा कादंबरीचा विषय आहे. त्याला मांत्रिक केले, की जबाबदारी कोणा अघोरी शक्तीवर ढकलता येते आणि सुशिक्षित माणूस सुटतो. शिवाय जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून अजूनही येतात. २०१३ साली त्याविरुद्ध कायदा होऊनही त्या थांबलेल्या नाहीत. अशा गावात रात्री दोन वाजता रंगमंचावर मांत्रिक उभा करायचा आणि पहाटे सगळ्या गावाने मिळून कोणाला तरी जाळायचे, याचा परिणाम काय होईल, ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. जाळण्याचा तो शेवट १९३१ च्या चित्रपटात गावकऱ्यांनी पेटवलेल्या पवनचक्कीतून आला आहे. कादंबरीत व्हिक्टरच्या शवाजवळ उभा राहून तो जीव शेवटचे बोलतो, स्वतःची चिता स्वतः रचणार असल्याचे सांगतो आणि बर्फाच्या तुकड्यावरून अंधारात निघून जातो. ती चिता कोणी पाहत नाही.

स्थळ बदलण्याला माझी हरकत नाही. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, तेव्हा नावे, गावे, रीतभात सारे मराठी केले. संशयाने माणूस कसा पोखरला जातो, ते मात्र जागचे हलू दिले नाही. आपणही जिनिव्हा सोडून वैनगंगेच्या काठी यायचे ठरवले, तर पूर्ण या. व्हिक्टर हे नाव आणि खाली धोतर, असे अर्धवट करू नका. केवळ एक काळजी घ्यावी. जंगलातून येणारा, गावाने हाकललेला जीव म्हटल्यावर रंगभूषाकाराचा हात सहज पिसे, माळा आणि पानांच्या पोशाखाकडे जाईल. तसे झाले, तर ज्यांना आधीच परके मानले जाते त्या आदिवासी शेजाऱ्यांनाच आपण राक्षस ठरवू, आणि कादंबरी जे सांगते त्याच्या नेमके विरुद्ध टोकाला पोहोचू. कादंबरीतले त्याचे वर्णनच वापरावे: आठ फूट उंची, पिवळसर ताणलेली कातडी, चमकदार काळे केस, मोत्यासारखे दात आणि त्यांच्याशी न जुळणारे पाणचट डोळे. व्हिक्टरने सुंदर अवयव निवडून तो घडवला होता, आणि म्हणूनच तो पाहवत नाही.

नोकर ठेवावा, तो चालेल. लावण्या व्हिक्टरच्या लग्नाच्या रात्रीच्या आधी, मंडपात, घालाव्यात. ‘तुझ्या लग्नाच्या रात्री मी येईन’ ही त्या जीवाची धमकी आधी ऐकलेल्या प्रेक्षकाला त्या ढोलकीनेही धाकधूक वाटेल. आंधळ्या म्हाताऱ्याच्या प्रवेशानंतर लगेच मात्र काहीही घालू नये.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. स्नेहसंमेलनासाठी ‘ड्रॅक्युला’वर अर्ध्या तासाची नाटिका बसवायची आहे. विद्यार्थ्यांनी मोबाइलवर बरेच चित्रपट पाहिलेले असल्याने ते मलाच समजावतात, की ड्रॅक्युला उन्हाने मरतो, उंच कॉलरचा झगा घालतो आणि नायिकेवर त्याचे जन्मोजन्मीचे प्रेम असते. मूळ कादंबरीत यातले किती आहे?
(एक शिक्षिका, जि. भंडारा)

उत्तर : तिन्ही गोष्टी ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या कादंबरीत नाहीत. तिथला काउंट प्रथम भेटतो तो पांढऱ्या लांब मिशांचा, नखशिखान्त काळ्या कपड्यांतला म्हातारा म्हणून. रक्त पिऊन तो पुढे तरुण होत जातो, आणि लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या दिसतो. दिवसा त्याची शक्ती मर्यादित होते, इतकेच. उन्हाने मरणे हे १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून आले. तो परवानगी न घेता, पात्रांची नावे बदलून काढला होता. स्टोकर यांच्या विधवा पत्नी न्यायालयात गेल्या आणि १९२५ साली त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला, तरी काही प्रती उरल्या. उंच कॉलर ही १९२४ नंतरच्या इंग्लिश रंगभूमीची सोय होती: नटाने प्रेक्षकांकडे पाठ केली, की कॉलरमागे डोके झाकले जाई आणि त्याला तळाच्या दारातून गुपचूप निसटता येई. आपल्या रंगमंचाला तसे दार नसेल, तर कॉलरचेही प्रयोजन उरत नाही. प्रेमकथा ही तर नंतरच्या चित्रपटांची जोड आहे. १९९२ च्या चित्रपटाने ती सर्वतोमुखी केली.

या तिसऱ्या बदलाबद्दल मी तडजोड करू नये असे म्हणेन. कादंबरीतली नायिका मीना हिच्यावर काउंट बळजबरी करतो, आणि ती स्वतःला विटाळलेली समजून आक्रोश करते. त्या प्रसंगाला प्रेम म्हणणे म्हणजे पीडितेच्या तोंडी अत्याचार करणाऱ्याचे शब्द घालणे होय. शिवाय त्या प्रेमात खरी मीना हरवते. ही बाई टंकलेखन करते, आगगाड्यांची वेळापत्रके पाठ करते, आणि सगळ्यांच्या रोजनिशा, तारा, पत्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे, इतकेच नव्हे तर डॉक्टरांनी फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी गोळा करून, तारखेनुसार लावून, टंकलिखित प्रती काढते. काउंट एके रात्री ते कागद आणि मेणाच्या नळ्या आगीत टाकतो. तिजोरीत दुसरी प्रत असल्यामुळेच त्याचा माग सुटत नाही. आपण जी कादंबरी वाचतो, ती मीनाने जुळवलेली ही फाइलच आहे. एवढ्या कर्तबगार स्त्रीला काउंटच्या मिठीत नेऊन सोडायचे, हे अठरा वर्षांच्या मुलींसमोर तरी करू नये.

नाटिकेची सोय याच रचनेत आहे. सात-आठ विद्यार्थ्यांना रंगमंचावर वेगवेगळ्या जागी वह्या घेऊन बसवावे. प्रत्येकाने आपापली नोंद वाचावी, वाचता वाचता उठून तो प्रसंग करावा आणि वही मीनाच्या टेबलावर नेऊन ठेवावी. काउंटला एकही वही देऊ नये, कारण कादंबरीत त्याची रोजनिशी नाही. तो इतरांच्या लिहिण्यातूनच दिसतो, आणि अर्धवट दिसतो म्हणून भिववतो. शेवटी त्याला लाकडी खुंटी ठोकू नका. मीनाचा नवरा जोनाथन याची कुकरी आणि अमेरिकन मित्राचा सुरा, सूर्य मावळण्याच्या क्षणी. असे कादंबरीत आहे.

प्रश्न : आपल्या सदरातून मूळ कलाकृतीशी निष्ठेचा आग्रह वारंवार वाचतो. मला हा हट्ट वाटतो. पाचशे पानांची कादंबरी दोन तासांत बसवायची, तर कापाकापी होणारच. दिग्दर्शकालाही स्वतःचे काही म्हणायचे असते. मग तक्रार कशाची?
(एक निवृत्त ग्रंथपाल, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : कापण्याची तक्रार नाही, कापताना हात कुठे फिरला, ते मी पाहतो. ‘रिबेका’ ही १९३८ ची कादंबरी घ्या. तिच्यात पतीने पहिल्या पत्नीला गोळी घालून मारलेले असते, आणि दुसरी, कोवळी पत्नी ते कळल्यावर भयाऐवजी सुटकेचा श्वास टाकते: त्याचे पहिलीवर प्रेम नव्हते तर! वाचकही तिच्यासोबत सुस्कारा सोडतो, आणि आपण खुन्याच्या बाजूने उभे आहोत हे त्याला नंतर कळते. १९४० च्या चित्रपटात हा खून अपघात झाला, कारण खुनी नवऱ्याला शिक्षेविना सुटू देणे तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत बसत नव्हते. चित्रपट देखणा आहे, हिचकॉक यांची पकड पक्की आहे, लांबीही फारशी कमी झालेली नाही. पण पतीबरोबर प्रेक्षकही निर्दोष सुटला. दिग्दर्शकाला स्वतःचे म्हणायचे होते, असेही इथे म्हणता येत नाही. ते नियमावलीने म्हणायला लावले.

आपल्या मुद्द्याला अधिक जवळचे उदाहरण ‘वदरिंग हाइट्स’चे आहे. १९३९ च्या चित्रपटाने १८४७ च्या या कादंबरीचा उत्तरार्ध, म्हणजे पुढच्या पिढीची सगळी कथा, वगळला. हीथक्लिफ आणि कॅथरीन यांच्या प्रेमाची ताटातूट आणि शेवटी दोघांची भुते बर्फातून चालत जातात, एवढ्यावर तो संपतो. ही कापाकापीच होती, आणि वेळेच्या हिशेबाने समजण्यासारखीही. परंतु लहानपणी ज्या घरात स्वतःला गड्यासारखे वागवले गेले, त्याच घराच्या मुलाला, हेरटनला, हीथक्लिफ पुढे सूड म्हणून निरक्षर ठेवतो, हे उत्तरार्धात येते. तो भाग गेल्यावर हीथक्लिफ नुसता विरही प्रियकर राहतो. आपण आयुष्यभर ग्रंथालय सांभाळले आहे, म्हणून एक विनंती करतो. आपल्याकडे प्रत असेल, तर शेवटाकडचे ते दृश्य पुन्हा काढून पाहावे: खिडकीच्या आत कॅथरीनची मुलगी, धाकटी कॅथी, हेरटनच्या खांद्यामागे उभी राहून त्याच्याकडून एक शब्द वाचून घेते आहे, तो चुकतो आहे, ती केस ओढण्याची धमकी देते आहे, आणि तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आहे.